वच्छला बाहेर बसली

मोहगावात कुणाच्या लेकराला माता आली की दोन गोष्टी तातडीनं मागवल्या जायच्या. एक कडुनिंबाचा डहाळा, आणि दुसरी पुंडलिकरावांची धाकटी सून वच्छला. कांजण्या असोत, गोवर असो, तापाबरोबर अंगावर काही उठलं की गाव त्याला माताच म्हणे. मग त्या घरात फोडणी बंद, तळण बंद, पायात वहाण घालणं बंद, आणि विटाळशी बाईची सावलीसुद्धा बंद.

या शेवटच्या नियमापायी सगळी पंचाईत व्हायची. मातेच्या लेकराजवळ बसायला सुवासीण लागे, विधवा म्हातारी चालत नसे, आणि सुवासीण म्हातारीला जागरण झेपत नसे. आणि घरच्या सुवासिनीचा काय भरवसा? आज लेकराला वारा घालते आहे, उद्या सकाळी उठून मागच्या खोलीत जाऊन बसेल. आठ-दहा दिवस सलग बसेल अशी बाई गावात एकच होती. वच्छलाची पाळी वर्षातून दोनदा यायची, फार तर तीनदा.

हा बिघाड काही जगावेगळा नाही. दहा-पंधरा बायांत एकीला असतो. पण गावात त्याला नाव नव्हतं, आणि दुखण्याला नाव नसलं की लोक बाईलाच नावं ठेवतात. लग्नाला अकरा वर्षं होऊन मूल नाही, अंग सुटलेलं, हनुवटीवर राठ केस. ते ती चार दिवसांआड अंगणाकडे पाठ करून चिमट्यानं उपटायची. बारसं असो की डोहाळजेवण, ओटी भरायला वच्छलाला कुणी पुढे करत नसे. तीच वच्छला लेकरू तापानं फणफणलं की देवीची लाडकी. बाया म्हणायच्या, "मातामाय तिले शिवत नाही. तिचं अंगच कोरं हाय."

वच्छलाला हे आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती काही बिचारी नव्हती. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायची, आणि ज्या घरात परवा तिला मागच्या रांगेत बसवलं होतं तिथेच जाऊन सासवांना हुकूम सोडायची. लेकरानं फोड खाजवू नयेत म्हणून बोटांना जुन्या लुगड्याच्या मऊ चिंध्या बांधायच्या, निंबाचं पाणी कोमट करूनच अंग टिपायचं, दही-भात थोडा थोडा भरवायचा, आणि लेकरू रडायला लागलं की संत्र्याच्या बगीच्यात वाट चुकलेल्या वाघाची गोष्ट सांगायची. ही तिची पद्धत. वाघ दर वेळी वेगळ्या झाडाखाली सापडायचा. तिच्या हातची लेकरं बरी होत. ती तशीही झाली असतीच, पण ते कुणी बोलून दाखवत नसे.

शहाऐंशी सालच्या फाल्गुनात मात्र गणित बदललं.

माहेरी तिगावला जाते असं सांगून वच्छला निघाली होती. तिगावला ती गेलीही. पण तिथून भाऊ मनोहरला घेऊन आगगाडीनं नागपूर गाठलं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिचं वर्षभर औषध चालू होतं, आणि ते फक्त नवऱ्याला, गुणवंताला, ठाऊक होतं. पहिल्या खेपेला बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं की बीजकोशांवर अशा बारीक बारीक पुटकुळ्या धरतात, अंगातल्या रसांचा तोल बिघडतो, म्हणून पाळी लांबते.

"म्हणजे आतल्या आत माताच ना?" वच्छलानं विचारलं होतं.

"नाही हो बाई. हिला निंबाचा पाला चालत नाही, गोळ्या लागतात," बाई म्हणाल्या होत्या.

या खेपेला लघवीची तपासणी झाली. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि सांगितलं, दिवस गेले आहेत, सात आठवडे झाले असावेत. मनोहरला बाहेर पाठवून त्यांनी वच्छलाला पुढचं नीट समजावलं. तुमचं वजन जास्त, साखर काठावर, त्यात आता पोटात मूल. अशा बाईला अंगावर फोड येणारा ताप लागला तर तो छातीत उतरू शकतो. नेहमी उतरतो असं नाही, पण उतरला तर बाई जाते आणि मूलही जातं. पहिल्या महिन्यांत मुलाला व्यंगही राहू शकतं. आणि तुमच्यासारख्यांचं आणखी एक आहे, पाळीचा हिशेबच नसतो, त्यामुळे पोट राहिलं हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत कळत नाही, तोवर बाई कुठे कुठे जाऊन बसते.

"मी त माताघरीच बसते," वच्छला हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "तुम्हाला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या?"

ते तिला माहीत नव्हतं. तिगावला परतल्यावर तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "तुले आली होती माता. नाही, थे विजयाले आली होती. का तुमा दोघींलेबी? मले आता आठवत नाही व माय, सात लेकरं होती, कोण कधी आजारी पडलं काय सांगू."

आठ दिवस माहेरी राहून वच्छला पांढुर्ण्याहून सौंसरच्या बसमध्ये बसली. सौंसरला उतरल्यावर ती सरकारी दवाखान्यात मालतीबाईंना कागद दाखवायला गेली. मालतीबाई मेश्राम तिथल्या नर्स. गावोगाव पायी फिरून सुया टोचायच्या. कैक घरांत त्यांना पाणी ओसरीवरच मिळे, पण सुई मात्र माजघरात चाले. नागपूरच्या डॉक्टरणीचा पत्ता त्यांनीच दिला होता. कागद वाचून त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

"घरी जाताय, पण ऐका. तुमच्या जाऊबाईंच्या मंगलाला काल फोड उठलेत. पाण्याचे फोड, कांजण्याच. मी सकाळीच पाहून आली."

मंगला सहा वर्षांची, मोठी जाऊ यमुनाची एकुलती लेक. पण झोपायची काकूजवळ, जेवायची काकूच्या हातानं.

वच्छला म्हणाली, "मी इतक्या लेकरांजवळ बसली बाई. मले होयाचं असतं त झालंच असतं ना?"

"कदाचित," मालतीबाई म्हणाल्या. "कदाचित लहानपणी होऊन गेल्या असतील, मग काही भीती नाही. पण कदाचितच्या खुंटीवर लेकरू टांगायचं का, थे तुम्ही ठरवा. खपल्या पुऱ्या वाळेपर्यंत त्या खोलीत पाय ठेवू नका. घरी सांगून टाका सरळ."

सांगून टाका म्हणणं सोपं असतं. चार वर्षांपूर्वी वच्छलाची पाळी पाच महिने आली नव्हती. सासू शांताबाईनं गल्लीत साखर वाटली, खण-नारळ आले, आणि मग एका दुपारी सगळं वाहून गेलं. ते मूल नव्हतंच. नुसती तुंबलेली पाळी होती, वीस दिवस थांबली नाही. "साखर तरी परत घ्या शांताबाई," असं पाणवठ्यावर कोणी तरी म्हणालं होतं. तेव्हापासून वच्छलानं ठरवलं होतं की पोटात हालचाल कळल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि न सांगता लेकराजवळ बसायला नकार द्यायचा, तर कारण काय द्यायचं? मातामायला नाही म्हणणारी बाई त्या घरात अजून जन्मली नव्हती.

सौंसर ते मोहगाव हा रस्ता काही फार लांब नाही. ती बसमधून उतरली आणि घराशी आली.

दारावर निंबाचा डहाळा लटकत होता. शांताबाई उंबऱ्यातच उभी.

"आली बाप्पा एकदाची. पाय धू अन् आत जाय. पोट्टी कालपासून तुह्याच नावानं रडून राहिली."

आतून आवाज आलाच. "काकू आली का?"

वच्छलाचा एक पाय पायरीवर होता. तो तिनं खाली घेतला.

"आत्याबाई, मी आत नाही येत. मी बाहेर हाय."

मागून यमुना आली, केस विस्कटलेले, डोळे लाल. जीभ मात्र जागेवर होती. "अकरा वर्षांत कधी टायमावर आली नाही तुही पाळी, अन् आजच कशी आली? बसमधूनच घेऊन आली का?"

"येते तवा येते, मोठ्या बाई. माह्या हातात हाय का?"

ती घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेली आणि गोठ्याच्या बाजूच्या खोलीत जाऊन बसली. पोटात मूल असलेली बाई पाळीच्या खोलीत. नकाराची अशी सोय या घरात बाईला एकच होती, आणि तिनं ती उचलली.

ती खोली वच्छलाला फारशी ओळखीची नव्हती. एक सतरंजी, एक पितळी तांब्या, वर एक झरोका. भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, चार-चारच्या जुड्या. यमुना इथे बसली की दिवसाला एक रेघ ओढायची. जुड्यांवर जुड्या, छतापर्यंत. शेजारी वच्छलाच्या रेघा अगदीच थोड्या, वाटेत सांडल्यासारख्या. तिनं चुलीतला कोळसा मागून घेतला आणि एक रेघ ओढली.

संध्याकाळी गुणवंता पाण्याची घागर घेऊन आला. सरळ माणूस, दिवसभर बगीच्यात संत्र्याची तोड चालू होती, अंगाला सालीचा वास. त्याला गोळ्यांचं ठाऊक होतं. तो लांब उभा राहून म्हणाला, "म्हणजे याबी खेपेले नाहीच."

वच्छलानं मान खाली घातली. त्याच्या तोंडावर काही लपत नाही, हे तिला माहीत होतं. दोन दिवस तिनं कळ काढली. तिसऱ्या दिवशी तो जेवला नाही असं कळल्यावर मात्र तिच्यानं राहवलं नाही. "अजी," ती झरोक्यातून म्हणाली, "मी खोटी बसली हाय. नागपूरले तपासलं, मले दिवस गेले हाय." आणि का बसली तेही सांगितलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो गेला आणि अर्ध्या तासात अंगणात शीळ घालत गाईला चारा टाकू लागला.

यमुनानं दारातून पाहिलं. "भावजी, पोट्टीले माता आली, बायको बाहेर बसली, अन् तुमाले शिट्ट्या कायच्या सुचून राहिल्या?"

गुणवंतानं शीळ गिळली.

मंगलाचे फोड त्या दिवशी जोरात होते. तोंडात, पापणीवर, कानामागं. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "काकू, खाजून राहिलं." वच्छला भिंतीला पाठ लावून बसायची. एकदा तिनं तिथूनच सुरू केलं, "एक होता वाघ..." तर शांताबाई गुडघे धरत आली. "आवाजबी नको जाऊ देऊ तिच्यापर्यंत. आधीच देवीचा कोप हाय." वाघ तिथेच थांबला. वच्छलानं तोंडात पदर कोंबला आणि भिंतीपलीकडे रडणाऱ्या पोरीचं ऐकत राहिली. आतापर्यंत बावीस लेकरांजवळ ती बसली होती. तिच्या स्वतःच्या म्हणता येईल अशा एकीजवळ नाही. पोटात जे होतं ते अजून वाटाण्याएवढं असेल, त्याला नाव नाही, रूप नाही. आणि इकडे हाडामांसाची मंगला हाका मारत होती. ही निवड बरोबर की चूक हे कुठल्याही डॉक्टरणीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. रोज सकाळी उजेड आला की ती आधी स्वतःचे हात, पोट, पाय तपासायची. डास चावला तरी ती जागा पुन्हा पुन्हा पाहायची.

पण हात बांधून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. यमुना मागच्या दगडावर धुणं धुवायला आली की वच्छला झरोक्यातून हुकूम सोडायची.

"बोटाले चिंध्या बांधल्या का?"

"पोट्टी सोडून टाकते."

"मनगटाले गाठ मारा, बोटाले नाही. अन् पाणी कोमट घेता का उकळतं?"

"मले काय समजत नाही का? माहीच पोट्टी हाय थे."

"तुमचीच हाय. म्हणूनच म्हणून राहिली."

यमुना कपडा आपटायची, पण करायची तसंच.

चौथा दिवस गेला. न्हाऊन आत ये म्हणून शांताबाईनं सांगितलं, तर वच्छला म्हणाली, "अजून थांबली नाही." मागची वीस दिवसांची कथा सगळ्यांना आठवत होती, तेव्हा कोणी फार बोललं नाही. अकरा वर्षं जिच्या पाळीनं तिची फजिती केली, ती या वेळी कामाला आली.

आणि मग सहावा दिवस आला. वच्छला भिंतीवरच्या रेघा मोजत होती आणि तिच्या लक्षात आलं की आज यमुनाची तारीख. यमुनाची पाळी म्हणजे शाळेची घंटा, एक दिवस इकडचा तिकडे नाही. ती बसली की सगळ्या घराचा स्वयंपाक वच्छलावर यायचा, म्हणून तिला ती तारीख पाठ होती. आता यमुना या खोलीत येणार, आणि मग मंगलाजवळ कोण? शांताबाईला गुडघ्यांनी उठवत नाही. वच्छला दिवसभर दाराकडे पाहत राहिली. यमुना आली नाही. सातव्या दिवशीही आली नाही.

सातव्या दिवशी दुपारी यमुना दगडावर आली. मंगलाच्या कपड्यांच्या खाली तिनं काही तरी दडवलं होतं. तिनं इकडे तिकडे पाहिलं, ते काढलं आणि तांब्याभर गरम पाणी ओतलं. लाल पाणी मोरीतून वच्छलाच्या उंबऱ्याजवळून वाहत गेलं.

यमुनानं मान वर केली. झरोक्यात वच्छला होती.

"काय पाहून राहिली?"

"काही नाही. गरम पाण्यानं डाग बसते, मोठ्या बाई. थंड घ्या."

यमुनानं रांजणातलं थंड पाणी घेतलं. पिळता पिळता, वर न पाहता म्हणाली, "सात दिवस झाले तुले बसून. दोरीवर तुही एकबी चिंधी नाही दिसली मले."

"वाळते लवकर."

"हो. ऊन कडक हाय," यमुना म्हणाली, आणि बादली उचलून मातेच्या खोलीकडे गेली.

त्या दिवशी वच्छलानं ताट तसंच परत पाठवलं. ती काही शिकूनसवरून मोकळी झालेली बाई नव्हती, मातामायला ती मनापासून मानायची. एक बाई विटाळ नसून बाहेर, दुसरी विटाळ असून देवीच्या उशाशी. आता पोरीचं काही कमीजास्त झालं तर ते कुणाच्या पदरात? आठव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे शांत होतं. इतकं शांत, की ती उठून उभी राहिली. मग मंगलाचा आवाज आला, रडका नाही, नेहमीचा कटकटा. "दही-भात नाही पायजे. भाकर पायजे. अन् ठेचा."

"ठेचा मागून राहिली म्हणजे झाली बरी," शांताबाई म्हणाली.

वच्छलाला आनंद झालाच. पण त्याच्यामागून आणखी एक गोष्ट आली, आणि ती बराच वेळ गेली नाही. अकरा वर्षं ज्या गुणावर ती देवीची लाडकी होती, तो गुण देवीला लागतच नव्हता. कोरं अंग नको होतं, काही नको होतं. लेकराच्या उशाशी एक माणूस हवं होतं, एवढंच. म्हणजे गावानं तिला मान दिला तो कशाचा? आणि ओटीच्या रांगेत मागे बसवलं तेही कशासाठी? तिनं आठवी रेघ ओढली.

चौदा रेघा झाल्यावर ती न्हाली. मंगलाच्या खपल्या गळून पांढरे ठिपके राहिले होते. पोरीनं काकूच्या कमरेला मिठी मारली आणि विचारलं, "वाघ कुठी सापडला?" सगळ्या बाया मातामायच्या ठाण्यावर दही-भात ठेवायला गेल्या. परत आल्यावर शांताबाईनं वच्छलाला थांबवलं. हातात शेण-मातीचं टोपलं होतं.

"त्या खोलीची भिंत सारवून घेऊ."

दोघी आत गेल्या. शांताबाई रेघांसमोर उभी राहिली. यमुनाच्या जुड्या जिथे संपल्या होत्या तिथं या महिन्याची जागा रिकामी होती. शेजारी वच्छलाच्या चौदा रेघा.

"मोरीचं पाणी माह्या समोरूनच जाते, वच्छले," म्हातारी म्हणाली. "कोणतं लाल अन् कोणतं पांढरं, मले दिसते. डोळे गेले नाही माहे."

वच्छलानं आपल्या रेघांवर हात ठेवला. "आत्याबाई..."

"कितवा?"

"तिसरा लागते आता."

शांताबाईनं शेणाचा गोळा उचलून थेट रेघांवर थापला. "मंग कायले मोजून ठेवते? उद्या कोणी पाहीन. पाचव्यापर्यंत कोणाले सांगजो नको. माह्या तोंडालेबी कुलूप हाय, साखर वाटून एकदा फसली मी." आणि सारवता सारवता यमुनाच्या जुड्यांवरून तिनं हात फिरवला तेव्हा म्हणाली, "हिलेबी काही बोलजो नको. आई हाय थे."

मूल दिवाळीच्या आधी झालं, सौंसरच्या दवाखान्यात, मालतीबाईंच्या हातावर. मुलगी. पावणेतीन किलो भरली. गावानं त्या फाल्गुनातल्या चौदा दिवसांपासून बोटं मोजली आणि ती सातव्या महिन्याची ठरवली. सातव्याची अन् इतकी गुटगुटीत, म्हणून बाया पाहायला येत आणि मातामायची करणी म्हणून हात जोडून जात. वच्छला त्यांना चहा पाजायची आणि गप्प बसायची.

पुढच्या फाल्गुनात गल्लीतल्या तुळशीरामच्या घरी मुलाला फोड उठले. तुळशीरामची आई बोलवायला आली. "वच्छलाले पाठवता का? तिच्याशिवाय जमत नाही."

वच्छला मुलीला पाजत होती. तिनं वर पाहिलं. काय करायचं ते सगळं सांगते, मनगटाला गाठ कशी मारायची, पाणी किती कोमट, पण लहान लेकरू टाकून येणार नाही, असं ती म्हणणार होती. त्याआधीच शांताबाई ओसरीवरून बोलली.

"काऊन? पोराले आई नाही का?"

"हाय ना. पण थे... थे कालपासून बाहेर बसली हाय."

शांताबाईनं यमुनाकडे पाहिलं. यमुना तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"त मंग आत बसव तिले," शांताबाई म्हणाली.